शकुनाचे तीन चमचे

सोमवार, ११ डिसेंबर २०२३. पहाटेचे पावणेसहा. बोरी अरबच्या आमच्या घरासमोर जीप येऊन उभी राहिली आणि नातीच्या उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस सुरू झाला. शस्त्रक्रिया मोतीबिंदूची होती. नातीचे वय आठ वर्षे होते.

ही दोन वाक्ये एकापाठोपाठ सांगितली की लोक आधी माझ्याकडे पाहत. मोतीबिंदू म्हातारपणाचा, हे गावात ठरलेले आहे. आमच्याच गल्लीतल्या एका गृहस्थाने बाजारात सगळ्यांसमोर विचारले होते, "डोळा तुमचा, अन् नाव नातीचं काहून सांगता, आबाजी?" मी उत्तर दिले नाही. आयुष्यभर मी कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारीचे काम केले. चिमटीत कापूस धरायचा, धागा ओढायचा, प्रत सांगायची आणि पुढच्या गाडीकडे जायचे. शेतकऱ्याशी वाद घालायचा नाही. ती सवय मला निवृत्तीनंतरही उपयोगी पडली.

नात पाच वर्षांची असताना तिचा गुडघा सुजला. कोणी मुका मार सांगितला, कोणी वात सांगितला. यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञांनी सांध्यांचा आजार सांगितला आणि त्याच दमात डोळे तपासून घ्या म्हणाले. गुडघ्याचा डोळ्याशी काय संबंध, असे सुनेने विचारले. जो दाह सांध्यांत असतो तो डोळ्यांच्या आतही उतरतो, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत तो काही कळू देत नाही. डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, असे उत्तर मिळाले. तपासणीत दोन्ही डोळ्यांत दाह निघाला. पुढे त्या दाहाने, आणि काही अंशी दाहावरच्या थेंबांनीही, डोळ्यांतली भिंगे गढूळ केली. उजवे पूर्ण, डावे अर्धे. नात पुस्तक नाकाला लावून वाचू लागली. माणसे ती आवाजावरून ओळखे, आणि आवाज नसेल तर वासावरून.

लहान मुलांच्या डोळ्यांच्या सर्जन बाई महिन्यातून एकदा नागपूरहून यवतमाळच्या रुग्णालयात येत. त्यांची अट एकच होती. डोळा आतून निदान तीन महिने शांत राहिला पाहिजे. शांत डोळ्यावर केलेले काम टिकते, धुमसत्या डोळ्यावर केलेले बिघडते. त्यासाठी थेंब होते, इंजेक्शन होते, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी होती. ती गोळी आम्ही बाजाराच्या दिवसाला बांधून टाकली होती. भाजीची पिशवी घरात आली की आधी गोळी, मग भाजी निवडणे.

तरीही शस्त्रक्रियेची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा फिरली. पहिल्यांदा नातीला ताप होता. दुसऱ्यांदा डोळ्यात पुन्हा दाह दिसला आणि महिने पहिल्यापासून मोजावे लागले. त्या वेळी सर्जन बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "आजोबा, फार लांबवता येणार नाही. या वयात डोळ्याने बरेच दिवस पाहिले नाही, तर मेंदू त्या डोळ्याचे ऐकणे सोडून देतो. मग भिंग बदलून उपयोग नसतो." हे मी घरात कोणाला सांगितले नाही. अकरा डिसेंबरची तारीख फिरू नये, एवढेच माझ्या डोक्यात होते.

भूल द्यायची असल्याने रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात काही जाऊ द्यायचे नव्हते. ती जबाबदारी मी घेतली. बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. उरलेले दूध शेजारी पाठवले. मुलाला वेचणीच्या बायांमुळे शेत सोडता येत नव्हते. त्याला मी फोन चालू ठेवायला सांगितले. पहाटे मी जीपजवळ उभा राहून पिशव्या लावत होतो, सून तपासण्यांचे कागद पाहत होती, आणि पत्नी नातीला हात धरून उंबरठ्याबाहेर आणत होती. सगळे ठरल्याप्रमाणे झाले होते. निदान माझी तशी समजूत होती.

जीप चालवणाऱ्याला आमच्या घरात सगळे चाचा म्हणतात. गावात त्याचे गॅरेज आहे. नातीच्या प्रत्येक तपासणीला त्यानेच आम्हाला नेले. तो मला काकाजी म्हणतो आणि मी त्याला रस्त्याकडे पाहा म्हणतो.

"बेटा, आज तो फैसला," तो गाडी सुरू करता करता म्हणाला. "डोळा खुलला का पयले कोणाले पाहशीन?"

"तुमाले," नात म्हणाली. "दोन वर्षं झाले तुमी कसे दिसता तेच मालूम नाई."

"मी तर हीरोच हावो."

"आई म्हणते ढेरी हाये."

सुनेने पदर तोंडाला लावला. चाचाने पोट आत ओढले आणि गाडी रस्त्याला लावली.

रुग्णालयात आम्ही वेळेवर पोचलो. बाकावर बसतो न बसतो तोच एक परिचारिका बाटली घेऊन आली, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, "आजोबा, वर बघा. थेंब टाकते."

"रोगी मी नाही. ही आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले, नातीकडे पाहिले, हातातल्या कागदावरचे वय वाचले आणि माझी हनुवटी सोडली. नात इतकी हसली की तिच्या डोळ्यांत थेंब टाकायला सून आणि परिचारिका, दोघींना तिचे डोके धरावे लागले.

मग सर्जन बाईंनी तिला यंत्रापुढे बसवले. हनुवटी टेकवून, कपाळ लावून. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची एक बारीक फीत तिच्या डोळ्यावर सरकत होती. सर्जन बाई पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. मागच्या खेपेला याच शांततेनंतर त्यांनी मान हलवली होती. सून भिंतीला पाठ लावून उभी होती.

"शांत आहे," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा पाहिले. "छान शांत आहे. आज करू. पहिला नंबर हिचाच लावते."

सून बाहेर येऊन नळावर तोंड धुऊन आली. मी मुलाला फोन केला. "डोळा शांत हाये. आज होते," एवढे सांगून ठेवला.

यानंतर भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या, आणि त्यांचा आवाज सरळ होता. नातीची छाती तपासून त्यांनी विचारले, "रात्रीनंतर काही खाल्लं?"

"नाही," सून म्हणाली.

"काहीच नाही," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिले आहे."

पत्नीनेही मान हलवली. डॉक्टर लिहिणार, तेवढ्यात त्यांना काय वाटले कोण जाणे, त्या नातीपुढे वाकल्या. "तू सांग गं. सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"दही," नात म्हणाली.

डॉक्टरांचे पेन थांबले.

"किती?"

"तीन चमचे. साखर घालून. मोठ्या चमच्यानं."

डॉक्टरांनी आमच्या तिघांकडे पाहिले. मी पत्नीकडे पाहिले. पत्नीच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, आश्चर्य होते.

"ते खाणं थोडंच हाये, बाई?" ती म्हणाली. "तो शकुन हाये. चांगल्या कामाले निंघताना हातावर द्यावं लागते."

"आजी, पोटाला शकुन कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला दही कळतं. भूल दिल्यावर ते उलटून श्वासात गेलं तर मला ही पोर सांभाळणं कठीण होईल. दह्याला सहा तास लागतात. किती वाजता दिलं?"

"निंघताना. सहाच्या आत."

डॉक्टरांनी मनात हिशोब केला. "म्हणजे बारापर्यंत मी हिला हात लावणार नाही. आणि एक वाजता मला दुसऱ्या दवाखान्यात जायचं आहे, तिथे बाळंतपणाची शस्त्रक्रिया आहे. आधी बाकीची मुलं घेऊ. ती बारापर्यंत आटोपली तर हिचं होईल. नाही तर पुढच्या महिन्यात."

त्या गेल्या. पुढच्या महिन्यापर्यंत डोळा शांत राहील, याची हमी त्या डोळ्याखेरीज कोणी देऊ शकत नव्हते.

आम्ही व्हरांड्यात बसलो. मी पत्नीला विचारले, "दही आणलं कुठून?"

"शेजारून. रात्रीच आणून ठेवलं होतं. तुमी डब्याले कुलूप लावून राह्यले होते तवा."

"अन् तीन चमचे कायले?"

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. "पयल्या दोन्ही टायमाले तुमी घाई केली. दही द्याचं राहून गेलं. म्हणून तारीख फिरली. मंग म्या मागचे दोन अन् आजचा एक, असे तिन्ही आजच देऊन टाकले."

या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. चूक होती, पण ती सापडण्यासाठी जिथून सुरुवात करावी लागली असती, तिथवर बेचाळीस वर्षांच्या संसारात मी कधी पोचलो नव्हतो.

चाचा मध्येच बाहेर जाऊन आला. त्याला सगळा प्रकार कळला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, आणि मग पत्नीचा चेहरा पाहून लगेच बाजू बदलली. "होते, काकी. नियत तर चांगली होती ना. दह्याचं काय, ते जिरूनच जाईन."

"चाचा, तुमी काय खाऊन आले?" नातीने विचारले.

"काईच नाई बेटा. तू उपाशी, मी कसा खाईन?"

"तर्रीचा वास येऊन राह्यला."

"कोठून?"

"तुमच्या तोंडातून. पोहे खाल्ले तुमी. वरून कांदा घेतला."

चाचाने रुमालाने तोंड पुसले. "काकाजी, हिचा डोळा दुरुस्त झाला ना, तं मंग आपलं कोणाचंच खरं नाई. आता नाकानंच इतकं पायते."

पत्नीने चहा घेतला नाही. सुनेने आग्रह केला तेव्हा म्हणाली, "पोरीच्या पोटात काई नाई, मंग माह्या पोटात कायले?" तेव्हा सुनेनेही कप खाली ठेवला. मी पहाटेपासून काही घेतले नव्हते. ते कोणाच्या लक्षात आले नाही, आणि यायची गरजही नव्हती.

नातीला मधल्या वेळात घोटभर पाणी प्यायची परवानगी मिळाली होती. ते पिऊन झाल्यावर तिने वेळ घालवायला खेळ काढला. व्हरांड्यातून कोणी गेले की पावलांवरून ओळखायचे. "ही चप्पल तुटकी हाये. हे डॉक्टर. हा पोरगा भेकाड हाये, पाय घासत चाल्ला." प्रत्येक वेळी ती आईला विचारी आणि आई खरे सांगे. ती बहुतेक वेळा बरोबर असे. मला तो खेळ आवडला नाही. आठ वर्षांच्या मुलीला तो इतका चांगला येऊ नये.

मुलाचा फोन सारखा येत होता. "झालं का, बाबा?" "नाई." "काहून नाई?" "दह्यामुळे." यावर त्याने पुढे विचारले की मी फोन ठेवून देई. संध्याकाळपर्यंत त्याला दह्याचा अर्थ कळला नव्हता.

एकेक मूल आत जात होते आणि डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर येत होते. शेवटच्या मुलाला बराच वेळ लागला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले. दार उघडेना. पत्नीचे ओठ हलत होते; काय म्हणत होती ते मी विचारले नाही. सुनेने नातीला मांडीवर घेतले होते. ती मांडीवर मावण्याच्या वयाची नव्हती, पण दोघींनाही ते चालले.

दार उघडले. भूल देणाऱ्या डॉक्टर स्वतः बाहेर आल्या, घड्याळ पाहिले आणि म्हणाल्या, "आणा तिला. तिकडे अर्धा तास थांबा म्हणून सांगितलंय, तिथली बाई अजून निवांत आहे." मग पत्नीकडे वळून म्हणाल्या, "आजी, आता आणखी काही दिलं नाही ना?"

"तुमी सांगतलं त्या घोटाबिगर पाणी बी नाई, बाई. थुका गिळू देल्ला तेवढाच."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. नात त्यांचे बोट धरून आत गेली. दारातून वळून म्हणाली, "चाचा, पोहे खाऊ नका. मी आल्यावर सोबत खाऊ."

मधला वेळ मी लिहीत नाही. त्यात लिहिण्यासारखे काही घडले नाही.

सर्जन बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टोपी काढली होती. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "भिंग आत बसवता येईल का, याची मला शंका होती. बसलं. डोळा आतून स्वच्छ होता. तुम्ही औषधं नीट दिली आहेत." सुनेने वाकून त्यांच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला आणि त्यांनी तिला मध्येच धरले. "पट्टी मी निघण्याआधी संध्याकाळीच उघडणार आहे. या आजारात थेंब लगेच सुरू करावे लागतात. पुढे डावा डोळाही आहे. पण तो पुढे."

पत्नी मग चहा प्यायली. दोन कप. चाचाने पोह्यांचे पुडे आणले आणि नातीसाठी एक वेगळा ठेवला. नंतर परिचारिकेने तो पाहून कांदा व तर्री काढायला लावली, त्याचे त्याला फार वाईट वाटले.

नात जागी झाली ती रडत. मग चिडली. मग पाणी प्यायली, आणि वासावरून पुडा कुठे ठेवला आहे ते तिने सांगितले. थोड्या वेळाने चार घास खाल्ले.

संध्याकाळी खाटेपाशी आम्ही सगळे उभे होतो. सर्जन बाईंनी खिडकीचा पडदा ओढला, दिवा मंद केला आणि चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवली. कापूस उचलला. कापसाची प्रत उत्तम होती, हे माझ्या तशाही वेळी लक्षात आले. डावा डोळा त्यांनी तळहाताने झाकला.

"उघड. घाई नको. थोडं धुरकट दिसेल."

नातीने पापणी उचलली आणि मिटली. पाणी आले. पुन्हा उचलली.

"किती बोटं?"

"तीन," नात म्हणाली. "अन् एका बोटात अंगठी हाये. लाल खड्याची."

सर्जन बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिले. त्यांच्या आवाजात बदल झाला. "बरोबर. आणखी काय दिसतं?"

ती एकेकाकडे पाहू लागली. आईकडे पाहून तिने हात पुढे केला, आणि सुनेने तो धरला. आजीच्या लुगड्याकडे पाहून म्हणाली, "हे हिरवं हाये? मले काळं वाटे." मग तिची नजर चाचावर गेली आणि तिथेच थांबली.

"चाचा! तुमची दाढी लाल हाये!"

"मेंदी लावतो, बेटा," चाचा दाढीवर हात ठेवून म्हणाला.

"पूरी लाल! आई, तू सांगितलं नाई! अन् ढेरी खरंच हाये!"

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसू लागली. चाचा हसता हसता डोळे पुसत होता आणि दोन्ही कामे त्याला एकदम जमत नव्हती. सर्जन बाई हातातला कापूस तसाच धरून उभ्या होत्या. पत्नी म्हणाली, "हासू नका रे, तिले तकलीप होईन," आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसली.

मी खाटेच्या पायथ्याशी होतो. शेवटी ती माझ्याकडे वळली. बराच वेळ पाहिले. प्रतवारी करावी तसे पाहिले.

"आबा, तुमच्या कानात केसं काहून हाये?"

"आहेत," मी म्हणालो. मग मी खिडकीचा पडदा नीट करायला गेलो. तो नीटच होता.

सर्जन बाईंनी थेंबांच्या वेळा सुनेला समजावल्या, डोळ्यावर जाळीचे झाकण बसवले आणि नागपूरला निघाल्या. मी मुलाला फोन लावून फोन नातीच्या हातात दिला. तिने बापाला डॉक्टरांची अंगठी, दाढी, ढेरी, लुगडे आणि माझे कान, असे सगळे क्रमाने सांगितले. तो पलीकडून काय म्हणाला ते ऐकू आले नाही. ती म्हणाली, "बाबा, रडून काहून राह्यले? मले तर दिसून राह्यलं."

चाचा झोपायला जीपमध्ये गेला. पत्नी खाटेखाली सतरंजी टाकून आडवी झाली. ती लगेच घोरू लागली. सून थेंबांच्या वेळेसाठी मोबाइलचा गजर लावत होती.

परिचारिका फेरीवर आली. तिने नातीचे हात उचलून पाहिले आणि म्हणाली, "नखं वाढली आहेत. झोपेत डोळ्याला हात गेला तर लागेल." मी तिच्याकडे नखे कापायचे यंत्र मागितले. तिने टेबलाच्या खणातून काढून दिले.

मी खाटेच्या कडेला बसलो आणि नातीचा हात मांडीवर घेतला. तिने उघड्या डाव्या डोळ्याने पाहायचा प्रयत्न केला, मग कंटाळून डोळे मिटले. करंगळीच्या वेळी तिचा हात सैल पडला होता. झोप लागली होती. दुसरा हात मी तसाच, न हलवता, उशीवर राहू दिला आणि त्याची नखे कापली. नखांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. स्वतःच्या गालावर फिरवून पाहिल्या. कुठे टोचत नव्हते. नखांचे तुकडे कागदात गुंडाळून डब्यात टाकले आणि यंत्र धुऊन परिचारिकेच्या टेबलावर ठेवले.